बर्फाच्या उतारावर पाय ठेवण्याआधी : हिमालयात जाणाऱ्या सातारा-सांगलीकरांसाठी

जावळीचा_वाटाड्या (सातारा)

राम राम मंडळी.

डिसेंबर जवळ आला की आपल्याकडच्या ट्रेकच्या ग्रुपांवर केदारकंठा, ब्रह्मताल, क्वारी पासची पोस्टरं फिरायला लागतात. त्याचा आनंदच आहे. पण यंदा आमच्या ग्रुपातल्या सहा जणांनी मार्चअखेरीला मनालीच्या वरच्या अंगाला एका बर्फाच्या घळीतून खिंडीवर चढायचा बेत केलाय. सोबत फक्त एक पोर्टर. मी हिमस्खलनाचं विचारलं तर त्यातल्या एकानं लिहिलं, "वासोटा झाला, मधुमकरंदगड झाला, चकदेवच्या शिड्या झाल्या, बर्फाचं काय घेऊन बसलाय दादा?" ते वाचल्यापासून चैन पडेना, म्हणून हा धागा काढतोय.

सह्याद्रीत आपल्याला पायाखालचं वाचता येतं. घसारा दिसतो, शेवाळ दिसतं, दगड सुटा आहे का ते हलवून बघता येतं. कातळ काल होता तसाच आज असतो. बर्फाचा उतार वरून बघावा तर स्वच्छ, गुळगुळीत, आणि धोका दडलेला असतो दीड-दोन फूट खाली, कधीतरी नोव्हेंबरात पडलेल्या थरात.

माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ब्यासकुंडाच्या वर होतो. आदल्या दोन दिवसांत चांगला फूटभर बर्फ पडलेला, त्या सकाळी मात्र आभाळ लख्ख. पुढं आमचा लीडर, तिथलाच पंचविशीतला पोरगा, मागं मी. एका ठिकाणी मी पाय टाकला आणि पायाखालून आवाज आला. धान्यानं भरलेलं पोतं उंचावरून जमिनीवर टाकावं तसा, दबका, "भुम्म". सगळा उतार बोटभर खाली बसल्यासारखं वाटलं आणि माझ्या बुटापासून एक चीर डावीकडं सरसर धावत गेली. दहा-बारा मीटर तरी असेल.

लीडर जागच्या जागी थांबला. ओरडला नाही. हातानंच खूण केली, आल्या पावलानं मागं, एकेक जण. सपाटीवर आल्यावर त्यानं फावडं काढून खड्डा खणला आणि मला हात घालायला लावला. वरचे चाळीस सेंटिमीटर बर्फ एकसंध, करवतीनं कापला तर वीट निघेल असा. त्याच्याखाली दाणे होते. अगदी दाणेदार साखर. हातमोज्यात घेतली तर बोटांच्या फटीतून गळून गेली, गोळा काही केल्या होईना. वरची ती जड वीट त्या साखरेवर नुसती टेकलेली होती. शिखर राहिलं ते राहिलंच. त्या पोराचे उपकार मी विसरणार नाही.

ही साखर होते कशी ते समजून घ्या. बर्फाखालची जमीन थंडीतही शून्य अंशाच्या आसपास असते. वरची हवा रात्री उणे दहा-पंधरावर जाते. बर्फाचा थर दोन मीटर जाड असेल आणि पृष्ठभाग उणे दहावर असेल, तर फरक मीटरमागे पाच अंशांचा. तोच थर अर्ध्या मीटरचा असेल तर मीटरमागे वीस अंश. हा फरक मीटरमागे दहा अंशांच्या पुढं गेला की खालची वाफ वर चढायला लागते आणि बर्फाचे एकमेकांत गुंतलेले कण सुटे, कोनदार, खडीसाखरेसारखे होतात. म्हणजे सुरुवातीला बर्फ कमी पडला, थंडी कडाक्याची पडली आणि मग पश्चिमी विक्षोभातून, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळातून, एकदम मोठा बर्फ आला, की घात तयार. "यंदा बर्फ कमी आहे, काही भीती नाही" हे वाक्य मी मनालीत दोनदा ऐकलंय. दोन्ही वेळा बोलणारे आपल्यासारखे बाहेरून आलेले होते.

उताराचा कोन तर पाठच करा. ३० ते ४५ अंश. बहुतेक पाटीसारखी तुटणारी स्खलनं याच पट्ट्यात सुटतात. त्याहून सपाट असेल तर बर्फ सहसा बसून राहतो, त्याहून उभं असेल तर साठायच्या आधीच थोडा थोडा ओघळतो. आणि नेमका हाच पट्टा आपल्याला चढायला झकास वाटतो.

आणखी एक. हिमस्खलनाच्या अपघातांत दहापैकी नऊ वेळा ते सोडवणारा माणूस अडकलेल्यांपैकीच कुणीतरी असतो, तो स्वतः किंवा त्याचा सोबती. आकाशातून काही कोसळत नाही. आपलं पाऊल पडतं आणि पाटी सुटते.

ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा. नवख्यांनी मोकळेपणानं विचारा.

---

कृष्णाकाठची_सई (सांगली)

दादा, खूप छान लिहिलंत. मी जानेवारीत केदारकंठ्याला जातेय, पहिलाच बर्फाचा ट्रेक. वाचून पोटात गोळा आला. जाऊ की नको? आईला हा धागा दाखवला तर ती घराबाहेर पडू द्यायची नाही.

---

जावळीचा_वाटाड्या

सईताई, जरूर जा. केदारकंठ्याची नेहमीची वाट बरीचशी जंगलातून आणि मग धारेवरून जाते. धार म्हणजे दोन्ही बाजूंनी उतरती सोंड, वरून अंगावर यायला काही नसतं. फक्त लीडरला तीन गोष्टी विचारून ठेवा. गेल्या दोन दिवसांत किती बर्फ पडला, वाट कुठल्या मोठ्या उघड्या उताराखालून जाते का, आणि हवा बिघडली तर परत कुठून फिरायचं हे ठरलंय का. तिसऱ्याचं उत्तर "बघू तिथं गेल्यावर" असं आलं तर जास्त विचारा, संकोच करू नका. आणि दुपारी मोकळ्या उतारावर घसरगुंडी खेळायला सगळे धावतात, तो उतार कुठला आहे ते आधी बघा.

आईंना धागा दाखवाच.

---

सह्यभटका (कऱ्हाड)

दादा, ते वाक्य माझंच. नाव लिहिलं नाहीत त्याबद्दल आभार, पण लपवायचं कारण नाही.

तुमचा मान राखून बोलतो. आम्ही सहाही जण आठ-दहा वर्षं डोंगरात आहोत. दोघांचा बेसिक कोर्स झालाय. पोर्टर त्याच खोऱ्यातला आहे, तो लहानपणापासून मेंढरं घेऊन तिथं जातो. हवामानाचा अंदाज बघूनच निघणार. घळ मी उन्हाळ्यात डोळ्यांनी बघितलीय. सगळ्यालाच घाबरायचं तर घरीच बसावं लागेल.

---

निवृत्त_हवालदार (सातारा तालुका)

जय हिंद. मला टायपिंग सावकाश जमतं, सांभाळून घ्या.

सह्यभटका, बाळा, तुझा राग नाही. मी पण असंच बोलायचो. पहिल्यांदा ग्लेशियरवर गेलो तेव्हा वाटायचं, आपण अपशिंग्याच्या, फौजींच्या गावच्या मातीतली माणसं, आपल्याला काय होतंय.

तिथं पहिली शिस्त थांबायची शिकवतात. बर्फ पडला की लिंक पेट्रोल, म्हणजे एका चौकीवरून दुसरीकडं जाणारी गस्त, बंद. राशन संपत आलं तरी बंद. पडायचा थांबल्यावर पण एक-दोन दिवस हलायचं नाही, कारण नवा बर्फ बसायला वेळ लागतो आणि सगळ्यात जास्त उतार त्या पहिल्या दीड-दोन दिवसांतच सुटतात. तुझ्या दादाच्या गोष्टीत पण तेच आहे बघ. आदल्या दोन दिवसांत बर्फ, आणि त्या सकाळी ऊन. ऊन बघून माणसाचे पाय शिवशिवतात.

दुसरं, चालायचं रात्री किंवा उजाडायच्या आत. बर्फ गोठलेला असतो. उन्हं वर आली की आधी पूर्वेकडचे उतार भिजतात, मग दक्षिणेचे, दुपारनंतर पश्चिमेचे. पाय गुडघ्यापर्यंत रुतायला लागला म्हणजे उशीर झाला. मार्चअखेर म्हणतोस, तेव्हा दहा-अकराच्या आत उताराबाहेर पाहिजेस.

तिसरं, धोक्याची पट्टी ओलांडायची तर एकेकानं. एक जण पलीकडं पोचेपर्यंत बाकीचे आडोशाला उभे राहून त्याच्यावर नजर ठेवणार. पाठीवरच्या सॅकचा छातीचा-कमरेचा पट्टा सोडून ठेवायचा. आमच्या वेळी कमरेला लांब लाल दोरी बांधून मागं सोडायचो, माणूस गाडला गेला तर दोरीचा तुकडा तरी वर दिसावा म्हणून.

फेब्रुवारी २०१६ सगळ्यांना आठवत असेल. सियाचीनची सोनम पोस्ट, १९,६०० फूट. ३ तारखेला बर्फाची भिंत आली आणि दहा जण खाली गेले. त्यात आपल्या सातारा जिल्ह्यातला पण जवान होता. लान्स नाईक हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले, देश रडला, ११ तारखेला ते पण गेले. ती सगळी शिकवून तयार केलेली माणसं होती, कर्तव्यावर होती, पोस्ट सोडून जाता येत नव्हतं. तुला परत फिरता येतंय. तुझ्यावर कुणाचा हुकूम नाही.

पोर्टरचं म्हणशील तर तो मेंढरं घेऊन जातो ते जूनमध्ये. मार्चची घळ त्यानं किती वेळा बघितलीय ते त्याला विचार.

---

पाटणखोऱ्यातला (पाटण)

हवालदारसाहेब, सलाम.

आमच्याकडं जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगावला दरडी आल्या. मी मदतीला गेलो होतो. डोंगर वर्षानुवर्षं हिरवागार उभा, गुरं चरायची त्याच्यावर. पाणी मुरून मुरून आतला सांधा सुटला आणि माती कातळावरून खाली आली. वरून बघणाऱ्याला काय कळणार? वाटाड्यादादांनी साखरेचं लिहिलंय ते वाचून तोच डोंगर डोळ्यांपुढं आला.

---

नकाशावाला_गुरुजी (वाई)

कऱ्हाडच्या मित्रांनी घळ डोळ्यांनी पाहिली आहे, चांगलं आहे. पण डोळा कोनाच्या बाबतीत फार फसवतो. मी शाळेत भूगोल शिकवतो, तर नकाशावरून कोन कसा काढायचा ते सांगतो.

सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा घ्या. त्यावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर. उंच पहाडी भागात समोच्च रेषांमधलं (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधलं) उंचीचं अंतर ४० मीटर असतं (आपल्या भागातल्या नकाशांवर २०, तेव्हा कोपऱ्यातली सूची आधी बघावी). दोन रेषांत २ मिलिमीटर मोकळे असतील तर १०० मीटर चालताना ४० मीटर चढ, कोन सुमारे २२ अंश. दीड मिलिमीटर असेल तर २८. आणि रेषा १ मिलिमीटरवर आल्या, की ५० मीटरला ४० मीटर चढ. कोन ३९ अंश. वाटाड्यांनी दिलेल्या पट्ट्याच्या अगदी मधोमध.

पट्टीपेक्षा कागदाच्या कडेवर पेन्सिलीनं खुणा करून मोजा, चूक कमी होते. एक मर्यादा ध्यानात ठेवा. दोन रेषांच्या मध्ये वीस मीटरची उभी पायरी असली तरी नकाशा ती दाखवत नाही. म्हणून जागेवर मोबाईलमधल्या कोनमापकानं परत मोजायचं. काठी उताराला टेकवून ठेवा आणि तिच्यावर फोन ठेवा.

आणि घळीचा तळ बघा. तळाशी अरुंद नाला असेल तर वरून छोटी पाटी जरी सुटली तरी सगळा बर्फ तिथं येऊन साठतो, पसरत नाही. मोकळ्या पठारावर जो बर्फ गुडघ्याएवढा झाला असता तो नाल्यात दोन पुरुष खोल होतो.

---

तासगावचा_बागायतदार

एक शंका. तुम्ही पाटी पाटी म्हणता, ती असते केवढी? बर्फ तर कापसासारखा हलका असतो ना?

---

जावळीचा_वाटाड्या

दादा, पडताना हलका असतो. पण तीस मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड, एवढी लहानशी पाटी धरा. ३०० घनमीटर. वाऱ्यानं दाबलेला बर्फ घनमीटरला २५० किलोच्या आसपास भरतो. म्हणजे ७५ टन. हंगामात तुमच्याकडं कारखान्याच्या रस्त्याला उसाचे दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर जातात, तसे चार एकदम अंगावर. आणि थांबला की तो कापूस राहत नाही, मिनिटभरात सिमेंटसारखा आवळतो. गाडलेल्या माणसाला बोट हलवता येत नाही.

वाऱ्याचं राहिलंच. बर्फ पडला नाही तरी रात्रभर वारा सुटला तर तो धारेच्या एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगाला रचतो. धारेवर बर्फाची पुढं आलेली पागोळी दिसली की ओळखायचं, तिच्याखालचा उतार भरलेला आहे. अंदाजात "बर्फवृष्टी नाही" असं असेल आणि तरी सकाळी ती बाजू जीवघेणी झालेली असेल. सह्यभटका, तू हवामानाचा अंदाज बघणार म्हणालास म्हणून हे मुद्दाम लिहितो.

इशाऱ्यांसाठी डीआरडीओची डीजीआरई ही चंदीगडची संस्था आहे. पूर्वीची मनालीची सासे २०२० मध्ये तिच्यात विलीन झाली. हवालदारसाहेबांना सासेचे इशारे आठवत असतील. आताही जिल्हावार, अमुक उंचीच्या वर अमुक धोका, असे इशारे हिवाळ्यात येतात. निघण्याआधी आणि वाटेत जिथं रेंज मिळेल तिथं बघायचे. पण इशारा असतो पूर्ण जिल्ह्याचा. तुमच्या घळीचं तुम्हालाच बघायचं आहे.

---

कृष्णाकाठची_सई

माझे काका-काकू दर वर्षी कुठं ना कुठं थंड हवेला जातात, सिक्कीम नाहीतर काश्मीर. ट्रेक वगैरे काही नाही, नुसती गाडीनं. त्यांना काही धोका?

---

जावळीचा_वाटाड्या

साधा नियम, स्थानिक प्रशासनानं जिथं थांबायला सांगितलंय तिथं थांबायचं. ४ एप्रिल २०२३ ला नथू ला रस्त्यावर सात पर्यटक गेले. पास तेराव्या मैलापर्यंतचेच होते, माणसं पंधराव्या मैलापर्यंत पोचली होती. ड्रायव्हरला "अजून थोडं पुढं घ्या ना" म्हणायचा मोह काका-काकूंनी टाळावा. गुलमर्गला अफरवतच्या वरच्या टप्प्यावर गेलात तर गस्तीच्या हद्दीबाहेर बर्फात उतरू नये. तिथं फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश स्कीअर गेले.

हिवाळ्यातच होतं असंही समजू नका. द्रौपदी का डांडा शिखरावरचा अपघात ४ ऑक्टोबर २०२२ चा, दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा. उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षणाची तुकडी होती, पंचवीसहून अधिक जण गेले. त्याच वर्षी एव्हरेस्ट चढलेली सविता कंसवाल त्यांत होती.

---

सह्यभटका

दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण गुरुजींनी सांगितलं तसं मोजत होतो.

घळीच्या खालच्या भागात रेषा दोन-सव्वादोन मिलिमीटरवर आहेत. वरच्या चारशे मीटरला एक मिलिमीटर, दोन ठिकाणी त्याहून कमी. तोंड ईशान्येला, म्हणजे ऊन कमी, आणि तिथला वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून, म्हणजे सगळा बर्फ आमच्याच घळीत. तळाला नाला आहे. उन्हाळ्यात मी त्याच नाल्यात बसून भाकरी खाल्ली होती.

पोर्टरला फोन केला. तो म्हणाला, "भैया, मार्च में उधर हम नहीं जाते. आप बोले तो मैंने हाँ बोला." त्याच्याकडं पैशाची निकड आहे आणि आम्ही ॲडव्हान्स दिलाय. हे ऐकून मला माझीच लाज वाटली. आम्ही त्यालाही सोबत नेणार होतो.

बाकीच्या पाच जणांशी बोललो. दोघं अजून नाराज आहेत. घळ रद्द, ॲडव्हान्स त्याच्याकडंच राहू देणार आणि मेच्या शेवटी त्याच्यासोबत धारेवरून जाणार, एवढं ठरलंय. साहित्याचं सांगा. बीकन (गाडलेल्याला शोधायचं रेडिओयंत्र) भाड्यानं मिळतो का? एक घेतला तर चालेल?

---

जावळीचा_वाटाड्या

भावा, हे इथं लिहिलंस, मन भरून आलं.

एक चालणार नाही. बीकन, प्रोब (बर्फात टोचून बघायची लांब सळई) आणि फावडं, तिन्ही प्रत्येकाकडं. गाडला गेलेला माणूस स्वतः काही करू शकत नाही, वरच्यांनी त्याला शोधायचं असतं. सगळे बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, त्यामुळं कुठल्याही कंपनीचा दुसऱ्याला ऐकतो. मोबाईल मात्र त्याच्यापासून वीत-दीड वीत लांब, आणि शोधताना हातभर. शोध लागला की प्रोबनं पंचवीस-पंचवीस सेंटिमीटरवर टोचत जायचं, लागलं की प्रोब तिथंच ठेवून उताराच्या खालच्या बाजूनं खणायचं. वरून उभा खड्डा खणत बसाल तर वेळ जाईल.

आणि वेळच नसतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहात नऊ वाचतात. पस्तीस मिनिटं झाली की दहात तीनच. हेलिकॉप्टर, एसडीआरएफ, सैन्य, कुणीही तेवढ्या वेळात पोचत नाही. उत्तराखंडात माणामध्ये २८ फेब्रुवारी २०२५ ला हिमस्खलनात सीमा सडक संघटनेचे ५४ कामगार अडकले. सैन्याची माणसं जवळ होती, बरेच जण लोखंडी कंटेनरात होते, म्हणून ४६ वाचले. उघड्या घळीत आपल्याभोवती कंटेनर नसतो.

माझ्याकडं दोन बीकन आहेत, एका पुण्याच्या मित्राकडून अजून दोन आणतो. रविवारी सकाळी सातला यवतेश्वरच्या वर भेटू. तिथं ओळखीच्यांचं खळं आहे, पेंढ्याच्या मोठ्या गंजी आहेत. गंजीत बीकन पुरून शोधायचा सराव करू. हवालदारसाहेब, तुम्ही आलात तर फार बरं होईल.

---

निवृत्त_हवालदार

येतो. घड्याळ माझ्याकडं.

---

कृष्णाकाठची_सई

मी सांगलीहून पहाटेच्या एसटीनं येते. काल घरी एक करून बघितलं, ते सांगते. लाकडी पाटावर ओलसर पीठ थापलं, अर्ध्या भागावर साखर पसरली, अर्धा कोरा ठेवला, आणि दोन्हींवर सारखाच मैदा दाबून बसवला. वरून काही फरक कळत नव्हता, आईला ओळखायला सांगितलं तर तिलाही जमलं नाही. मग फोन लावून पाट हळूहळू उचलला. ३४ अंशांवर साखरेचा भाग एकदम, सगळाच्या सगळा सुटून फरशीवर आला. दुसरा भाग ४५ च्या पुढं जाईपर्यंत जागचा हलला नाही.

आई बराच वेळ त्या पाटाकडं बघत होती. मग म्हणाली, जा, पण त्या लीडरचा नंबर मला देऊन जा, मीच विचारते त्याला. विचारले तिनं तिन्ही प्रश्न. त्यानं नीट उत्तरं दिली, परत फिरायची जागासुद्धा नावानिशी सांगितली.

---

सह्यभटका

रविवारचा वृत्तान्त. अकरा जण आलो, नाराज असलेल्या दोघांपैकी एक जण आला.

पहिल्या खेपेला आमच्या पाच जणांना बीकन सापडून बाहेर काढायला २२ मिनिटं लागली. त्यात चार मिनिटं आम्ही सगळे एकदम बोलत होतो आणि कुणाचाच बीकन शोधायच्या मोडवर नव्हता. हवालदारकाकांनी घड्याळ दाखवलं आणि गंजी परत रचायला लावली. दुसऱ्यांदा १४. तिसऱ्यांदा सईताईंनी एकटीनं शोधला आणि बाकीचे फक्त खणायला होते, ९ मिनिटं.

काका म्हणाले, हा सुका पेंढा आहे, पुढच्या रविवारी वाळूत पुरू. वाळूचा ढीग माझ्या चुलत्यांच्या बांधकामावर आहे, उंब्रजला, हायवेच्या कडेला. सकाळी सात. फावडी ज्याची त्यानं आणा, आमच्याकडं तीनच आहेत.